जावयाच्या नावावर

ता. २४ फेब्रुवारी, सोमवार

वैशू, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. दिवाळीला मेलबर्नहून ही वही पाठवलीस. "आप्पा, रोज चार ओळी लिहा, घोर हलका होतो" म्हणालीस. आणि मी चार महिने ती कपाटात धोतरांखाली ठेवली. सातवी नापास माणूस, चार ओळींत काय लिहायचं तेच कळत नव्हतं. आज घोर फार आहे म्हणून काढली. तुला हे दाखवणार नाही. पण माफी तुझीच मागायला हवी.

सकाळी डंक चालू करायच्या आधी मंगलताई आली. माझ्या मिरची कांडपाच्या डंकासमोर तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माझा ईमेल तिनंच काढून दिलाय, उघडतेही तीच. तुझ्या चटणीच्या दुकानाचं नाव घेताना तू कंपनीला तोच दिला होतास. म्हणाली, "आप्पा, ऑस्ट्रेलियाच्या कंपनीचं पत्र आलंय. वैनींच्या नावाची मुदत तीस एप्रिलला संपतीया. मालकानं होय म्हणायला पायजे."

वैनी म्हणजे माझी बायको इंदू. मालक म्हणजे जावई.

बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. दोनदा नको म्हणून घेतलीच नाही. आता वाटतं घ्यायला हवी होती.

ता. २६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. उपास. डंक बंद. सगळं नीट आठवून लिहितो, नाहीतर डोक्यात गुंता होतो.

इंदू जाऊन वर्ष झालं तेव्हा वै.नं (पुरं नाव लिहीत नाही, बोटं आखडतात) तिकडं घरच्या घरी चटणी करून विकायला काढली. आईचीच, कांदा-लसणाची. दुकान मोबाइलमधलं. लोक नाव टाकतात, दुकान उघडतं. नाव ठेवलं 'इंदूचा डंक'. आधी नावामागं डॉट कॉम होतं. तिकडची माणसं विचारायची, माल भारतातून येणार का, किती आठवडे लागणार. म्हणून ते सोडून त्या देशाचं शेपूट घ्यायचं ठरलं, डॉट ए-यू. आपल्याकडं डॉट इन असतं तसं. ते मागं लागलं की गिऱ्हाइकाला कळतं, दुकान इथलंच आहे. पण तिथं राहून धंद्याचा नंबर काढलेल्या माणसालाच ते मिळतं.

संदीपरावांचा, म्हणजे जावयांचा, तसा नंबर आधीपासून होता. वै. म्हणाली, मी माझा काढते, चार दिवसांचं काम आहे, नाव माझ्या नावावर घेते.

मी म्हणालो, "नवरा असताना तुझं कशाला? बरं दिसतं का? त्यांच्या नावानं घे. त्यांनाही मान दिल्यासारखं होतं."

लग्नातल्या भांड्यांचंही मी तेच केलं होतं. हंडा, परात, डबे, सगळ्यांवर संदीपरावांचं नाव कोरून घेतलं. डंकावर बायका डबे घेऊन येतात, त्यांच्यावरही नवऱ्यांचीच नावं असतात. मिरच्या तिनं निवडायच्या, भाजायच्या तिनं, प्रमाण तिचं, डबा त्याच्या नावाचा. पन्नास वर्षं तीच नावं वाचून हाका मारल्या. दुसरं काही असू शकतं हे डोक्यात आलंच नाही.

वै. फोनवर म्हणाली, बरं.

दसऱ्यापासून ती वेगळी राहते, मैत्रिणीकडं एका खोलीत. मूलबाळ नाही. का निघाली ते मी विचारलं नाही. भांडण असेल, मिटेल. पेठेत सांगितलंय, संदीपरावांची बदली झाली, दोघं घर शोधतायत.

ता. ५ मार्च, बुधवार

सीझन लागला. सकाळपासून बारा डबे.

दुपारी वै.चा फोन. तिचं दुकान बंद पडलंय. नावाची किल्ली, पासवर्ड, संदीपरावांकडं. त्यांनी तिथं 'दुकान बंद आहे' अशी पाटी लावून टाकली. नाव टाकलं की पाटी दिसते. चटणी तयार, मागणारी माणसं आहेत, मधली वाटच अडवलेली.

म्हणाली, "आप्पा, मी आता माझा नंबर काढलाय. नवं नाव घेऊ का? एका दिवसात मिळतं. माणसं हळूहळू येतील परत."

मी म्हणालो, "आईचं नाव सोडणार होय तू?"

"तुम्ही म्हणाल तसं."

लहानपणापासून ती असंच म्हणते. फोन ठेवल्यावर भाकरी गेली नाही.

ता. ११ मार्च, मंगळवार

संदीपरावांना रोज फोन लावतो. वाजतो, उचलत नाहीत. आपल्याकडं किती वाजले म्हणजे तिकडं किती, ते मंगलताईनं कागदावर लिहून दिलंय. तो कागद भिंतीला चिकटवला. आज व्हॉट्सॲपवर 'जावईबापू, नमस्कार' एवढंच टाकलं. पुढं काय लिहावं सुचेना. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं.

ता. १९ मार्च, बुधवार

मंगलताईनं कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं होतं. मी सांगितलं होतं, लिही की हे माझ्या बायकोचं नाव, मी तिचा नवरा, डंक आमचा. आज उत्तर आलं. वाईट वाटतं, म्हणालेत. पण नोंद ज्याच्या नावावर, नाव त्याचं. त्यानं लेखी दिलं तर लगेच मुलीच्या नावावर करू. त्यानं काहीच केलं नाही तर मुदत संपल्यावर थोड्या दिवसांनी नाव मोकळं होईल, मग तिथल्या कुणीही घ्यावं.

"कुणीही म्हंजे?"

"म्हंजे कुणीही. मी ऑस्ट्रेलियात असते तर मी बी घेतलं असतं. मंगल कांबळे, इंदूचा डंक."

मला हसवायला म्हणाली बिचारी.

ता. ३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी एकट्यानं उभारली. काठी सरळ राहीना, तीनदा बांधली. गाठीची माळ आणायची राहिली.

व्याह्यांकडं जायचं ठरवलं. वै.नं दसऱ्यालाच बजावलं होतं, "आप्पा, काही झालं तरी त्यांच्या दारात जायचं नाही." पण थोरामोठ्यांनी समोरासमोर बसल्याशिवाय आपल्यात काय मिटतं? तिला अजून कळत नाही. चाळिशीला आली, पण तरीही.

ता. २ एप्रिल, बुधवार

जाऊन आलो. हातकणंगल्यापर्यंत एस.टी., पुढं रिक्षा. पिशवीत चटणीचा डबा. वाटेत तेल सांडतंय का म्हणून चारदा उघडून बघितलं.

व्याह्यांनी "या पावणं, या" म्हणून हाताला धरून आत नेलं. पाय धुवायला पाणी, चहा, भडंग. विहीणबाई दारातून नमस्कार करून आत गेल्या, परत बाहेर आल्या नाहीत. ऊस, म्हशी, माझी बी.पी., सगळं बोलून झालं. शेवटी मीच विषय काढला. डॉट, शेपूट वगैरे त्यांच्या ध्यानात आलं नाही, पण आमची गरज काय आहे ते पहिल्या दमात आलं.

म्हणाले, "नाव कुठं पळून चाललंय पावणं? पोरगी परत नांदायला गेली की नाव घरातल्या घरातच हाय की. म्या संदीपला सांगतो, एका शब्दात दिऊन टाकंल. पण आधी तिनं जायला पायजे."

मी म्हणालो, तिला विचारतो.

"इचारायचं काय त्यात? बाप हाय न्हवं तुमी?"

मी मान हलवली. होय म्हटल्यासारखी.

निघताना टॉवेल, टोपी, नारळ. गाडीपर्यंत पोचवायला आले. टोपी घालूनच एस.टी.त बसलो. बऱ्याच महिन्यांनी भूक लागली. स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली, गोळीची आठवण झाली नाही.

ता. ३ एप्रिल, गुरुवार

वै.ला मोबाइलवर बोलून निरोप पाठवला. लिहिण्यापेक्षा बोललेलं बरं. सांगितलं की व्याह्यांकडं गेलो होतो, फार मान दिला. तू घरी परत गेलीस तर नाव लगेच तुझं करून देतात. आईचं नाव आहे बाळा, परक्याच्या हाती जायला नको. बायकांना थोडं सोसावं लागतं, तुझ्या आईनंही सोसलं.

ऐकल्याची खूण आली. उत्तर नाही. कामात असेल.

ता. ६ एप्रिल, रविवार

रामनवमी. उत्तर नाही.

ता. ९ एप्रिल, बुधवार

फोन लावला. बंद. परत लावला. बंद. भिंतीवरचा कागद बघून लावला, तिकडं दिवस होता. आजारी असेल? मोबाइल पडला असेल?

डंकावर पाटलीणकाकूंची दहा किलो. माझं लक्ष नव्हतं. म्हणाल्या, "आप्पा, चित्त कुठं हाय? माझी चटणी शेजारणीच्या डब्यात भराय लागलासा. तिनं खाल्ली तर बोंबलत सुटंल ती." सगळ्या हसल्या. मीही हसलो. डबा पालथा करून पुन्हा भरला.

ता. १४ एप्रिल, सोमवार

मंगलताईला विचारायचं होतं, वै.चं काही ईमेल आहे का. पण तिचं दुकान बंद, आज जयंती. तिच्या गल्लीत सकाळपासून गाणी, पोरी पांढऱ्या साड्यांत चाललेल्या. आज कुठं तिला त्रास द्यायचा. उद्या.

ता. १५ एप्रिल, मंगळवार

कसं लिहू.

मंगलताईला व्याह्यांकडं गेल्याचं सांगितलं. मान दिला, टोपी दिली, निरोप पाठवला, सगळं. ती काउंटरमागून उठून बाहेर आली. मला स्टुलावर बसवलं.

"आप्पा, कशाला गेलता तिकडं?"

मी म्हणालो, नाव सोडवायला.

"वैशाली मला ईमेल करती. तुमाला सांगू नको म्हणून शपथ घातली हुती तिनं. आता मोडते. त्यो मारतो तिला. लई वर्सं झाली. दसऱ्याला डोळा सुजलेला घेऊन निघाली ती घरातनं. फोटो हाय माझ्याकडं. बघायचा का?"

मी नको म्हणालो.

विचारलं, मला का नाही सांगितलं, मी बाप आहे.

मग म्हणाली, "राग मानू नका. तिनं सांगितलं असतं तर तुमी पैलं काय इचारला असता? तू काय बोललीस त्याला, असंच इचारला असता. व्हय का न्हाय?"

तेच विचारलं असतं.

ता. १८ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस डंक बंद ठेवला. बायका दार वाजवून गेल्या.

इंदूचंही लिहायला हवं. वै.ला मी म्हणालो, तुझ्या आईनंही सोसलं. काय सोसलं ते मला ठाऊक आहे. डंकाचा पट्टा तुटला होता, मी चिडलो होतो, ती काहीतरी बोलली आणि मी गिऱ्हाइकांसमोर तिच्या तोंडात मारली. वै. आठ-नऊ वर्षांची, धन्याच्या पोत्यावर बसून बघत होती. मी आजपर्यंत म्हणत आलो की एकदाच. इंदूला विचारलं असतं तर तिनं किती वेळा सांगितलं असतं?

इंदू लगेच उठून राहिलेली चटणी चाळायला बसली होती. आम्ही दोघं पुन्हा कधी त्यावर बोललो नाही.

पोरीला मी सांगितलं, तसंच सोस. आणि वर त्या सोसण्याला तिच्या आईचं नाव लावलं.

ता. २४ एप्रिल, गुरुवार

व्याह्यांचा फोन. "पावणं, आमच्या निरोपाचं काय झालं?"

मी म्हणालो, "ती येणार न्हाय."

"मग नाव बी मिळणार न्हाय."

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं."

विचारायचं होतं, तुम्हाला ठाऊक होतं का तो काय करतो. नाही विचारलं. विहीणबाई त्या दिवशी बाहेर का आल्या नाहीत ते आता कळतंय.

ता. २९ एप्रिल, मंगळवार

सकाळी डंकावर पाच बायका. मध्येच मोटार बंद केली.

पाटलीणकाकू म्हणाल्या, "लाइट गेली व्हय?"

"न्हाय काकू. पोरीला बोलायचंय. आवाजात ऐकू जात न्हाय तिला."

"घरात जाऊन बोला की."

घरात गेलो असतो तर बोललो नसतो. तिथंच उभा राहून, सगळ्यांसमोर निरोप भरला. "वैशू, आप्पा बोलतोय. तुझ्या सासरी मी जायला नको होतं. मला सगळं कळलंय. तू त्या घरात परत जाऊ नकोस. आईचं नाव गेलं तर जाऊ दे. नवं घे, तुझ्या नावावर घे, कुठलंही घे, मला विचारू नकोस."

दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा पाठवलं. बदलीची थाप होती हे आता पेठभर होईल, होऊ दे. पाटलीणकाकूंनी पदरानं डबा पुसला आणि म्हणाल्या, "किती दिस गप बसलासा हो. चालू करा आता, ऊन चढाय लागलंय."

निरोपापुढं एकच खूण आलीय, ती पण करडी. मंगलताई म्हणते, अजून पोचला नाही.

ता. ३० एप्रिल, बुधवार

आज मुदतीचा शेवटचा दिवस. मनाशी धरून बसलो होतो, संध्याकाळपर्यंत मुदत संपेल, नाव हातचं जाईल आणि एक प्रकरण मिटेल.

अकरा वाजता मंगलताईनं रस्त्यापलीकडून हाक मारली. कंपनीचं पत्र आलं होतं. तिनं इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं, मग मी पुन्हा सांगायला लावलं. आधीच्या मालकानं लेखी होय म्हटलंय. नाव एक वर्षासाठी पुढं चालू. नवा मालक वैशाली.

मी म्हणालो, म्हणजे मिळालं?

तिनं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

व्याह्यांनी सांगितलं होतं, ती परत गेली तर नाव मिळेल. नाव मिळालं.

मी निरोप पाठवला होता तीन तारखेला, परत जा म्हणून. तो तिनं ऐकला. परत जाऊ नको म्हणालो तो काल, आणि तो तिच्यापर्यंत पोचलेलाच नाही. ती माझं ऐकते. आजवर ऐकत आली.

"पत्ता काय लिहिलाय?" मी विचारलं.

"जुनाच हाय. त्याच्याच घरचा." मग घाईनं म्हणाली, "पण पत्ता बदलायचा ऱ्हायला असंल, आप्पा. हितं बी लोकं इसरत्यात. त्यानं सोताहून सोडलं असंल. वकिलाचं पत्र गेलं असंल त्याला. कायबी असंल."

तिनं वै.ला ईमेल केलं. पंधरा दिवसांपूर्वी केलेल्याचंही उत्तर आलेलं नाही, हे तिनं मला आज सांगितलं. मैत्रिणीचा नंबर आमच्या दोघांकडं नाही. मी कधी मागून घेतला नाही. व्याह्यांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. संदीपरावांना लावला. वाजत राहिला.

मंगलताईनं मोबाइलमध्ये नाव टाकून बघितलं. बंदची पाटी निघालीय. दुकान उघडलं. वर इंदूचा फोटो, खाली बरण्या. माल आहे, असं लिहिलंय. ते कोण लिहितंय, कुठल्या खोलीत बसून, ते त्यात दिसत नाही.

वैशू, मला नाव नको. तू कुठल्या घरात आहेस तेवढं सांग. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मंगलताईला कळव, एक शब्द लिही, मैत्रिणीकडून लिहून घे. त्याच्या घरात असशील तर तसं कळव, मी पासपोर्ट काढायला टाकतो, मंगलताई फॉर्म भरून देते म्हणालीय. सकाळी कळव, दुपारी कळव, मी डंकाची मोटार बंद ठेवूनच बसलोय. लौकर कळव, बाळा.